नाव पुसले तरी वस्ती उरते

१

माणसाच्या विष्ठेविषयी आपल्या समाजाने शतकानुशतके एकच धोरण ठेवले. ती नजरेआड करावयाची आणि ती उचलणाऱ्या माणसालाही नजरेआड करावयाचे. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्यासाठी स्वतंत्र भारताला १९९३ साली एक आणि २०१३ साली दुसरा असे दोन कायदे करावे लागले, आणि दुसरा कायदा झाल्यानंतरही गटारात गुदमरून माणसे मेली. मरणारे कोणत्या वस्तीतले असतात हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आता त्याच विष्ठेला विज्ञानाने किंमत आणली आहे. शिकलेला माणूस निर्जंतुक डबी घेऊन दारात येतो, नम्रपणे बोलतो, कागदावर सही घेतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबी बर्फाच्या पेटीत ठेवून घेऊन जातो. जी वस्तू शिवल्याने माणूस बाटत होता, ती आता अतिशीत कपाटात चिठ्ठी लावून जपली जाते. हा बदल चांगला आहे. विष्ठा ही घाण नसून माहिती आहे, असे विज्ञान म्हणते तेव्हा शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेचा एक खिळा निखळतो. परंतु ती माहिती आहे हे एकदा मान्य केले की पुढचे प्रश्न टाळता येत नाहीत. माहिती कुणाविषयीची? ती कुणाच्या हाती जाते? आणि ज्याच्या शरीरातून ती निघाली त्याला त्याविषयी काय वाटते, हे कुणी विचारले आहे काय?

हा प्रश्न शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या संदर्भात मांडण्याचे कारण आहे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्यकार्य १९७० च्या दशकापासून चालू आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी ते उभे केले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून वढू आणि परिसरातील शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांची कायमस्वरूपी आरोग्य व लोकसंख्या नोंदणी तेथे केली जाते. घर कोणते, त्यात माणसे किती, कोण जन्मले, कोण मेले, कोण गाव सोडून गेले, कोण नव्याने आले, याची नोंद घरोघर फिरून होते. लाखाहून अधिक लोकसंख्येची अशी वर्षानुवर्षांची नोंद देशात फार थोड्या ठिकाणी आहे. संशोधकांच्या दृष्टीने ती सोन्याची खाण होय, आणि म्हणूनच आतड्यातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणाऱ्यांचे पाय वढूकडे वळले.

२

आपल्या शरीरात जितक्या स्वतःच्या पेशी असतात, साधारणतः तितकेच जिवाणू राहतात. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. अन्न पचविणे, काही जीवनसत्त्वे तयार करणे, रोगजंतूंना जागा न देणे ही कामे ते करतात. या साऱ्या बिऱ्हाडाला मायक्रोबायोम असे नाव आहे. आपण त्याला सूक्ष्मजीव-समूह म्हणू. मधुमेह, स्थूलता, कुपोषण, अतिसार यांचा या समूहाशी काय संबंध आहे याचा शोध जगभर चालू आहे. अमेरिकेने २००७ साली त्यासाठी मोठा राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला. भारतातही पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने वीस हजारांवर भारतीयांची विष्ठा, लाळ व त्वचेवरील नमुने निरनिराळ्या जनसमूहांतून गोळा करण्याचा प्रस्ताव २०१९ साली वृत्तपत्रांतून जाहीर झाला होता.

वढूशी संबंधित दोन अभ्यास येथे महत्त्वाचे आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयुर्वेदातील वात, पित्त, कफ या प्रकृतींनुसार निवडलेल्या निरोगी ग्रामीण माणसांच्या आतड्यातील जिवाणू तपासले गेले. २०२० सालच्या दुसऱ्या अभ्यासात सहा एकत्र कुटुंबांतील ५४ माणसांची विष्ठा, तोंड व त्वचा यांवरील जिवाणू पाहण्यात आले. आजोबा, मुलगा, नातू एकाच छताखाली राहतात, एकाच चुलीवरचे खातात, तेव्हा वयानुसार होणारा बदल स्वच्छ दिसतो, अशी त्यामागची कल्पना होती. पहिल्या अभ्यासाच्या शीर्षकातच ‘पश्चिम भारतातील ग्रामीण’ हे शब्द आहेत. ते ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांच्याकडे परत यावे लागणार आहे.

दोन्ही अभ्यास सरळ हेतूने झाले आहेत. त्यांतून कुणाची माहिती कुणाच्या हाती पडली असा आरोप येथे करावयाचा नाही. पण हेतू सरळ असला म्हणून धोका नाहीसा होत नाही, म्हणून धोका नेमका कोठे आहे ते पाहू.

विष्ठेच्या नमुन्यातून माणूस तीन वाटांनी उघडा पडू शकतो.

पहिली वाट जिवाणूंची. प्रत्येकाच्या आतड्यातील बिऱ्हाड थोडे वेगळे असते आणि ते बरेचसे टिकून राहते. २०१५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की काहीशे माणसांच्या गटात केवळ आतड्यातील जिवाणूंच्या खुणांवरून ऐंशी टक्क्यांहून अधिक माणसे वर्षभरानंतरही ओळखता येतात. आंगठ्याच्या ठशाइतकी ही खूण पक्की नाही, परंतु खूण आहे.

दुसरी वाट माणसाच्या स्वतःच्या डीएनएची. विष्ठेत आतड्याच्या अस्तरातील गळून पडलेल्या पेशीही असतात. नमुन्यातील सर्व डीएनए वाचला की जिवाणूंबरोबर माणूसही वाचला जातो. २०२३ साली जपानमधील ओसाका येथील संशोधकांनी ३४३ जपानी माणसांच्या नमुन्यांत हे तपासले. नमुना स्त्रीचा की पुरुषाचा, हे ९७ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर सांगता आले, आणि त्या माणसांची जनुकीय माहिती आधीच हाती असेल तर कोणता नमुना कुणाचा हे ९३ टक्क्यांहून अधिक वेळा जुळविता आले. नमुना देणारा माणूस कोणत्या वंशसमूहातला, याचाही अंदाज आला.

तिसरी वाट अन्नाची, आणि आपल्या देशात ती सर्वांत काटेरी आहे. आपण जे खातो त्याचाही डीएनए थोडाफार विष्ठेत उतरतो. कोणती भाजी, कोणते धान्य, कोणत्या जनावराचे मांस पोटात गेले हे विष्ठेच्या नमुन्यावरून ताडण्याची पद्धत २०२५ साली प्रसिद्ध झाली आहे. अमेरिकेत तिचा उपयोग आहारशास्त्रापुरता राहील. पण ज्या देशात २०१५ साली दादरी येथे घरात गोमांस असल्याच्या संशयावरून जमावाने माणूस मारला आणि नंतर तेथील मांस तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेले, त्या देशात तिचा अर्थ वेगळा होतो. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. बाहेरच्या राज्यातून आणलेले गोमांस जवळ बाळगणे हाही त्यात गुन्हा ठरविला होता. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले, आणि त्यासाठी जो आधार घेतला तो नागरिकाच्या खाजगीपणाचा होता. माणूस आपल्या घरात काय खातो यात सरकारने डोकावू नये, असा त्या निकालाचा आशय. घराच्या चुलीला जो खाजगीपणा न्यायालयाने दिला, तो आतड्याला आहे की नाही?

येथे अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. डबी हाती आली म्हणून कुणी लगेच नाव-गाव सांगू शकत नाही. जुळवणी करावयाची तर दुसरी यादी हाती लागते. हे काम खर्चाचे आहे, कौशल्याचे आहे आणि आज कुणा गावगुंडाच्या आवाक्यातले नाही. परंतु नमुने व त्यांची वाचलेली अक्षरे वर्षानुवर्षे टिकतात. आज जे अवघड आहे ते उद्याही अवघडच राहील, असे कोणताही विज्ञाननिष्ठ माणूस म्हणणार नाही. आणि दुसऱ्या याद्या तयार होतच आहेत. २०२२ च्या फौजदारी ओळख कायद्याने पोलिसांना जैविक नमुने घेण्याचा व त्यांच्या नोंदी पंचाहत्तर वर्षे ठेवण्याचा अधिकार मिळाला आहे.

३

लोकांना याविषयी काय वाटते? वस्तीत वावरणाऱ्या कुणालाही तीन तऱ्हांची उत्तरे ओळखीची वाटतील.

पहिले उत्तर हसण्यावारी नेणारे असते. ‘त्यात काय ठेवलंय, न्या की.’ जे आपण टाकून देतो त्याची चोरी ती कसली, असा त्यामागचा हिशेब. रक्त द्यावयाचे म्हटले की हात आखडतो, कारण रक्त म्हणजे ताकद. विष्ठेबाबत तसे काही वाटत नाही. लाज वाटते, भीती वाटत नाही. शरमेपोटी डबी परत करणारी बाई ‘माझ्या माहितीचे काय होणार’ या विचाराने डबी परत करीत नाही.

दुसरे उत्तर विश्वासाचे असते. ‘दवाखान्यातली ताई आली होती, म्हणून दिलं.’ ज्या दवाखान्यात बाळंतपण झाले, ज्या आरोग्यसेविकेने मध्यरात्री गाडी मिळवून दिली, तिला नाही कसे म्हणावयाचे? हा विश्वास कष्टाने मिळविलेला आहे, त्याची थट्टा करू नये. पण त्यातील अडचण अशी की विश्वास माणसावर असतो आणि नमुना मात्र त्या माणसाच्या हातून पुढे निघून जातो. वढूहून पुण्याला, पुण्याहून यंत्राकडे, आणि यंत्राने वाचलेली अक्षरे आंतरराष्ट्रीय भांडारात. शास्त्रीय नियतकालिके आता अशी माहिती सर्वांसाठी खुली ठेवण्याचा आग्रह धरतात. विज्ञानाच्या तपासणीसाठी तो आग्रह योग्यही आहे. ताईवर ठेवलेला विश्वास मात्र इतक्या लांबच्या प्रवासाला पुरत नाही. मुंबईतील वस्त्यांमध्ये आरोग्य-संशोधनात भाग घेणाऱ्यांशी आणि संशोधकांशी बोलून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आपण दिलेली माहिती दुसरे संशोधकही वापरू शकतात ही कल्पना लोकांना अनोळखी होती, असे त्यात दिसते.

तिसरे उत्तर हलक्या आवाजात येते. ‘यात जात कशाला लिहिता?’ या प्रश्नाकडे संशोधक मंडळी अडथळा म्हणून पाहतात. लोकांना शास्त्र समजत नाही, समजावून सांगितले की शंका मिटेल, असे त्यांना वाटते. आमच्या मते खाजगीपणाविषयीचे सर्वांत जाणते मत याच प्रश्नात आहे.

मध्यमवर्गाच्या कल्पनेत खाजगीपणा म्हणजे दार लावून घेणे. स्वतंत्र खोली, बंद पाकीट, कुलूप. ज्यांच्या दहा बाय बाराच्या घरात सहा माणसे झोपतात, त्यांना खाजगीपणाची चाड नाही असा सोयीस्कर निष्कर्ष त्यातून काढला जातो. तो खोटा आहे. पुण्यात भाड्याची खोली शोधणारा आमचा मुलगा आडनाव सांगताना क्षणभर थांबतो. नोकरीच्या ठिकाणी डबा उघडणारी मुलगी डब्यात काय आहे ते आधी आठवून पाहते. जात न सांगता माणूस म्हणून उभे राहता यावे, ही आमच्या खाजगीपणाची व्याख्या आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि त्याची नाळ माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडली. वस्तीतील माणसाला हे निकाल वाचण्यापूर्वीच ठाऊक होते.

४

संशोधक म्हणतात, आम्ही नाव काढून टाकतो, नावाच्या जागी आकडा घालतो. हे ते प्रामाणिकपणे करतात. प्रश्न असा की नाव काढल्यावर काय उरते?

समजा, एका गावात दीड हजार माणसे आहेत. त्यांत एका भटक्या जमातीची नऊ घरे आहेत. नमुन्यावर नाव नाही, पण गाव आहे, जमात आहे, वय साठच्या पुढे, स्त्री, मधुमेह असलेली, असे लिहिले आहे. नऊ घरांत अशी बाई बहुधा एकच असणार. परक्या माणसाला ती सापडणार नाही, पण गावच्या माणसाला क्षणात सापडेल. मोठ्या समाजाच्या माणसाला गर्दीचे संरक्षण असते. लहान समाजाला ते नसते. म्हणजे ज्याची संख्या कमी, ज्याची वस्ती वेगळी, त्याचाच पडदा सर्वांत पातळ. गावकुसाबाहेरची रचना आकड्यांच्या तक्त्यातही जशीच्या तशी उतरते.

आणि समजा बाई सापडली नाही. तरी वस्ती सापडते. अमुक वस्तीतल्या लोकांच्या आतड्यात जंत अधिक, अमुक जमातीत दारूने बिघडलेल्या यकृताच्या खुणा अधिक, अमुक समाजाच्या पोटात अमुक मांसाचे अंश, असे एक वाक्य छापून आले की त्या समाजातील प्रत्येक माणसाच्या कपाळी ते चिकटते. त्याने डबी दिली असो वा नसो.

येथे दौंड तालुक्याचा संबंध येतो. शिरूर आणि दौंड यांच्यामधून भीमा वाहते. वढूच्या नोंदणीत दौंडचे एकही गाव नाही. दौंडच्या रेल्वे वसाहतीतला कामगार, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यातला कंत्राटी माणूस, केडगाव-यवत भागातील गुऱ्हाळावरचा मजूर, मराठवाड्यातून येऊन उसाच्या फडावर पाली टाकून राहणारे जोडपे, यांपैकी कुणालाही त्या अभ्यासांविषयी विचारलेले नाही. पण ‘पश्चिम भारतातील ग्रामीण’ या शब्दांत ते सगळे बसतात. नमुना एकाने दिला, अनुमान दुसऱ्याला लागू झाले. संमतीपत्र ज्याने सही केली त्याच्यापुरते असते. त्यातून निघणाऱ्या निष्कर्षाला नदीची हद्द नसते.

शरीराविषयीची माहिती कामाच्या बाजारात कशी फिरते हे ऊसतोड कामगारांच्या स्त्रियांनी भोगले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड, अशी व्यवस्था असेल तर पाळी ही बाईची खाजगी गोष्ट राहत नाही. ती मुकादमाच्या हिशेबाची बाब होते. उद्या कोणत्या माणसाचे आतडे दुखणाईत आहे हे एखाद्या कंत्राटदाराला किंवा विमा कंपनीला स्वस्तात कळू लागले, तर ते माणसाच्या भल्यासाठी वापरले जाईल, असे समजण्यास काही आधार नाही.

ज्या गावात ही नोंदणी होते त्या गावाचा अलीकडचा इतिहासही विसरता येत नाही. वढू बुद्रुक येथे संभाजी महाराजांची समाधी आहे आणि गोविंद गोपाळ यांचीही समाधी आहे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गोविंद गोपाळ यांच्या समाधीची मोडतोड झाली. त्यानंतर दोन-तीन दिवसांत, १ जानेवारी २०१८ रोजी, जयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी आलेल्या जनसमुदायावर कोरेगाव भीमा आणि सणसवाडी परिसरात हल्ले झाले, वाहने आणि दुकाने जळाली. त्या दिवशी कुणाचे दुकान कोणते, कुणाचे घर कुठले, हे ओळखण्यासाठी कुणाला प्रयोगशाळेची गरज पडली नाही. वैज्ञानिकांची यादी त्या दंग्यात वापरली गेली असे मुळीच नाही. सांगावयाचे इतकेच की ज्या भूमीवर घर ओळखले जाणे हाच धोका ठरू शकतो, त्या भूमीवर ‘घर क्रमांक’ हा शब्द निरागस राहत नाही.

५

शरीराची मोजमापे घेण्याचा हा पहिलाच प्रसंग नाही. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीयांची नाके मोजली आणि नाकाच्या रुंदीवरून जातींची उच्चनीच उतरंड लावली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांच्या याद्या केल्या, त्यांना हजेरी लावली आणि जन्मानेच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी पारधी वस्तीवरची पोलिसांची नजर हटली नाही. स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून इरावती कर्वे यांनी महाराष्ट्रातील जातींची शारीरिक मोजमापे प्रसिद्ध केली. हेतू वेगवेगळे होते. मोजणारा आणि मोजला जाणारा यांच्या जागा मात्र बदलल्या नाहीत.

बाबासाहेबांनी या मोजमापांचे काय केले, हे फार बोलके आहे. ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचे तक्तेच पुराव्यासाठी घेतले आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे नाहीत असे त्याच आकड्यांतून दाखविले. अस्पृश्यतेला वंशाचा आधार नाही, हा निष्कर्ष त्यांनी मोजणाऱ्यांच्या वहीतून काढला. म्हणजे बाबासाहेबांनी विज्ञानाला पाठ दाखविली नाही, त्याची वही मागून घेतली. आपलीही भूमिका हीच असली पाहिजे. ‘आम्ही नमुना देणार नाही’ एवढे म्हणून भागणार नाही. आमच्या वस्तीतील मुलांचा अतिसार, आमच्या बायकांचा रक्तक्षय, कारखान्यांच्या सांडपाण्याने नासलेल्या विहिरींचा आतड्यावर होणारा परिणाम, यांचा अभ्यास झालाच पाहिजे. श्रीमंत देशांतील माणसांच्या आतड्यावरून काढलेली औषधे आम्हांला लागू पडतीलच असे नाही. अभ्यासातून वगळले जाणे हीही एक अस्पृश्यताच आहे.

वही न मागितल्याने काय होते, त्याचे उदाहरण अमेरिकेत घडले. ॲरिझोनातील हवासुपाई या मूळनिवासी जमातीने १९९० पासून एका विद्यापीठाला मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. तेच रक्त पुढे मनोविकार, आपसातील विवाह आणि जमातीचे मूळ यांच्या संशोधनासाठी वापरले गेले. जमात कोठून आली याविषयीचे निष्कर्ष त्यांच्या स्वतःच्या कथांना छेद देणारे होते. जमात न्यायालयात गेली, आणि २०१० साली विद्यापीठाने ४१ जणांना सात लाख डॉलर देऊन तडजोड केली व उरलेले रक्त परत केले. तेथे कुणा एकाचे नाव फुटले नव्हते. साऱ्या जमातीची प्रतिष्ठा दुखावली होती. आपल्याकडेही २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींवरील लसीच्या प्रयोगात अनेक संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या. माणूस कुणाच्या तरी ताब्यात असला की त्याची संमतीही दुसराच देतो.

मग कायदा काय म्हणतो? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दुर्बल गटांची विशेष काळजी घ्यावी, समाजाला विश्वासात घ्यावे, असे म्हटले आहे. कायद्याची गोष्ट वेगळी आहे. २०१९ साली संसदेत मांडलेल्या व्यक्तिगत माहिती संरक्षण विधेयकात ‘संवेदनशील माहिती’ असा एक वर्ग होता आणि त्यात आरोग्य, जनुके यांच्याबरोबर जात व जमात यांचाही समावेश होता. ते विधेयक मागे घेण्यात आले. २०२३ साली जो कायदा संमत झाला त्यात हा वर्गच उरला नाही. जात ही विशेष जपण्याची माहिती आहे, हे एकदा मसुद्यात लिहून मग पुसले गेले. याखेरीज संशोधनाच्या कामासाठी, ठरवून दिलेली मानके पाळली आणि एखाद्या विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेण्यासाठी माहिती वापरली नाही, तर त्या कायद्यातून सूटही आहे. सूट व्यक्तीचा विचार करून लिहिली आहे. वस्तीचा विचार तीत कोठेच नाही.

६

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. त्या विज्ञानाच्या विरोधी नाहीत आणि त्यांतील एकही अशक्य नाही.

संमतीपत्र वस्तीच्या भाषेत, वस्तीत बसून, मोठ्याने वाचले जावे. ‘नमुना भविष्यातील संशोधनासाठी वापरला जाईल’ हे एक वाक्य पुरे नाही. कोणत्या संशोधनासाठी, किती वर्षे, देशाबाहेर जाणार की नाही, कंपनीला दिला जाणार की नाही, हे वेगवेगळे विचारावे, आणि एका प्रश्नाला होय व दुसऱ्याला नाही म्हणण्याची मुभा असावी. दिलेला नमुना परत मागता येईल काय, आणि कधीपर्यंत, हेही सांगावे. नाही म्हणणाऱ्याच्या दवाखान्यातील उपचारावर परिणाम होणार नाही, हे डॉक्टरांनी स्वतः सांगावे, कारण नेमकी हीच भीती कुणी बोलून दाखवीत नाही.

नमुन्यातील माणसाचा डीएनए ओळखून वेगळा काढता येतो. माहिती खुली करण्यापूर्वी तो काढलाच पाहिजे. जात वा जमात लिहिण्याचे शास्त्रीय कारण असेल तरच ती लिहावी, आणि कारण सांगून लिहावी. लहान समाजाच्या बाबतीत गाव, वय आणि जात या तिन्ही गोष्टी एकत्र प्रसिद्ध करू नयेत. नमुन्यांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीत बाहेरचा एक प्रतिष्ठित नागरिक बसविण्याची पद्धत आहे. तो नागरिक बहुधा शहरातला वकील किंवा निवृत्त प्राध्यापक असतो. ज्या वस्तीतून नमुने येतात त्या वस्तीतील माणूस, आणि त्यातही स्त्री, तेथे असावी.

निष्कर्ष छापण्यापूर्वी ते वस्तीला वाचून दाखवावेत. यामुळे सत्य बदलावे असे कुणी म्हणत नाही. पण ‘या समाजात जंत अधिक आढळले’ या वाक्याशेजारी ‘या वस्तीला नळ नाही’ हे वाक्यही छापले पाहिजे, आणि ते सांगणारा माणूस वस्तीतच असतो. जिवाणू हे जातीचे नसतात. ते पाण्याचे, अन्नाचे, शौचालयाचे आणि कामाच्या जागेचे असतात. जातीने ठरविलेल्या वस्तीत राहिल्यामुळे जे आतड्यात उतरले, ते जातीच्या रक्तात होते असे उद्या कुणी म्हणू लागला, तर रिस्लेचे नाक पुन्हा एकदा मोजले जाईल, फक्त यंत्र नवे असेल.

आणि एक काम आपले आहे. आमच्या वस्त्यांतील मुले-मुली आता जीवशास्त्र आणि संगणकशास्त्र शिकत आहेत. नमुना देणारे हात आमचे आणि तो वाचणारे डोळे दुसऱ्यांचे, ही वाटणी त्यांनी मोडली पाहिजे. तोपर्यंत शिरूर-दौंडच्या प्रत्येक वस्तीतील तरुण मंडळाने एवढे तरी करावे: डबी दारात आली की आधी कागद मागावा, तो घरी ठेवून घ्यावा, चार जणांत वाचावा, आणि तिसऱ्या दिवशी उत्तर द्यावे. जे संशोधन तीन दिवस थांबू शकत नाही, त्याला पंचवीस वर्षांसाठी आपले शरीर द्यावे काय, याचा विचार करण्यास तेवढा वेळ पुरेल.